गायधनी मॅडमची भीती

गायधनी मॅडम पांढऱ्या उंदराला अलगद उचलायच्या, उलटा करून बघायच्या आणि मादी निघाली की म्हणायच्या, "या बाई. तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, नाही का?" उंदरांना अहोजाहो आणि आम्हा विद्यार्थ्यांना अगंतुगं.

गंगापूर रोडला अजून द्राक्षबागा होत्या तेव्हाची गोष्ट. मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. नर आणि मादी यांच्या मेंदूत आणि वागण्यात फरक असतो का, असला तर कुठे, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. तेव्हा बहुतेक प्रयोगांना नरच घेत. मादीचं पाळीचं चक्र असतं, त्याने आकडे बिघडतात, असं सगळे म्हणत. मॅडम म्हणत, "आकडे बिघडत नाहीत. तुमचं काम वाढतं."

मी त्यांच्याकडे एम.एस्सी. करत होते. पांढरा एप्रन घरूनच घालून सायकलवर निघायचे. रस्त्यातल्या लोकांना डॉक्टरीण वाटावी, एवढीच माझी शास्त्राची ओढ. बायकांचा मेंदू हळवा आणि पुरुषांचा हिशेबी, हे मी मॅडमना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं.

"किती जणींना विचारलंस?"

"सगळ्यांना माहीत असतं मॅडम."

"म्हणजे एकीलाही नाही."

प्रयोग भीतीचा होता. घंटी वाजायची, पाठोपाठ पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका चटका. असं काही वेळा केलं की मग नुसत्या घंटीनेही उंदीर जागच्या जागी थिजायचा. थिजला म्हणजे घाबरला, म्हणजे धडा शिकला. आम्ही ते थिजणं घड्याळ लावून मोजायचो. नर शहाण्यासारखे थिजत. काही माद्या मात्र घंटी होताच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सैरावैरा पळत सुटत.

मी ऐटीत जाहीर केलं, "या ढ आहेत मॅडम. घाबरतच नाहीत."

मॅडमनी एक पळून दमलेली मादी उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. तिचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं.

"ही घाबरली नाही म्हणतेस?"

"पण ती थिजली कुठे?"

"थिजणं तू मोजतेस. भ्यायचं कसं, ते तिचं ती ठरवेल. आणि हो, माद्या पळतात न् नर थिजतात, असं गावभर सांगत सुटू नकोस. थिजणाऱ्या माद्याही आहेत. आधी बघायचं, मग बोलायचं."

मी मान डोलावली आणि त्याच दुपारी कॅन्टीनमध्ये सांगितलं, बायका पळतात, पुरुष थिजतात. नवं ज्ञान पोटात राहील तर ती मी कसली.

मॅडमनी लग्न केलं नाही. म्हातारपणी स्मृती जाऊ लागली तेव्हा भाचा अतुल त्यांना आपल्या घरी घेऊन आला. सातपूरला कारखान्यात शिफ्टची नोकरी, घरात दोन खोल्या. तरी त्याने आत्याला टाकलं नाही. मी दर गुरुवारी जायचे. मॅडम मला ओळखत नव्हत्या. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून दार, दाराची कडी हलवायची, परत फिरायचं. बघायला ठेवलेली सविता सुरगाण्याकडची. ती म्हणायची, "बाई लय चालतात. बसतच नाय."

"आत्या मजेत आहे काकू," अतुल म्हणाला. "रडणं नाही, ओरडणं नाही. फक्त पडेल, याची काळजी. डॉक्टर म्हणतात, शांत राहायची गोळी वाढवू."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. बसलेल्या मॅडम उठल्या आणि तरातरा दाराकडे गेल्या. दुसरी शिट्टी, पुन्हा तेच. मी जाऊन त्यांचं मनगट धरलं, आणि माझ्या म्हाताऱ्या हाताला ती ओंजळ आठवली.

"अतुल, मॅडम घाबरल्यात."

"तोंडावर तर काही दिसत नाही."

"तोंड बघू नकोस. हात धर."

त्याने मनगट धरलं. मग म्हणाला, "आणि हे मी वर्षभर बघतोय, काकू."

माझ्या सांगण्यावरून गोळी वाढवली नाही, त्यांना चालू दिलं. कुकर गॅलरीत गेला. मॅडम चालायला लागल्या की सविता नाहीतर अतुल त्यांचा हात धरून बरोबर चालायचे. कडी हलवणं कमी झालं. एकदा तर त्या माझ्याकडे बघून हसल्या.

मग एका सकाळी, सविता दूध तापवत असताना, मॅडम दाराशी पडल्या. खुबा मोडला. चालू द्या म्हणणारी मी होते. अतुल हे एकदाही बोलला नाही, म्हणूनच ते मला सारखं ऐकू येतं.

त्यानंतर पलंग, आणि मोठ्या गोळ्या. मी शेवटची गेले तेव्हा शेजारच्या घरातली शिट्टी भिंतीपलीकडून ऐकू आली. मॅडम हलल्या नाहीत. डोळे उघडे, छताकडे. पलंगाच्या पलीकडे अतुल बसला होता. "बघा, आता शांत असते," म्हणाला. मी त्याचा हात धरून मॅडमच्या मनगटावर ठेवला. त्याने तो लगेच काढला नाही.

त्या गेल्यावर भेटायला आलेले सगळे म्हणत होते, "शांतपणे गेल्या हो. चेहऱ्यावर भीती म्हणून नव्हती." एरवी मी कुणाला सोडत नाही, किती जणांनी हात धरून पाहिला, असं विचारणार होते. पण कोपऱ्यात अतुल बसला होता, मान खाली घालून. त्याने स्वतःचंच मनगट घट्ट धरलं होतं.