डॅशबोर्ड उघडायचा नाही

आमच्या सोसायटीत एसी असलेली पहिली गाडी माझी. नव्वदच्या दशकातल्या बेलापुरात त्याचं कौतुक होतं, आणि मला तर जरा जास्तच. सीटवरचं प्लास्टिक मी वर्षभर काढलं नाही. वडील गाडीत बसताना चपला काढून हातात घ्यायचे. कोरी गाडी म्हणजे लक्ष्मी, असं त्यांचं होतं. मॅट स्वच्छ राहायचं, म्हणून मीही कधी अडवलं नाही.

रविवारी आम्ही जवळच्या दिवाळे गावात मासळी आणायला जायचो. एकदा वडिलांच्या पायाखालचं मॅट ओलं दिसलं. पिशवीतल्या बर्फाचंच पाणी, असं धरून मी त्यांच्यावर भडकलो. पुढच्या रविवारपासून त्यांनी पिशवी मुकाट्याने डिकीत ठेवली. मॅट ओलंच.

मेकॅनिकने वाकून बघितलं. एसीच्या कूलिंग कॉइलवरचं पाणी बाहेर सोडणारी नळी आतच तडकली होती. बदलायला डॅशबोर्ड उघडावा लागेल, म्हणाला. कोऱ्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा उघडला की जन्मभर खडखडतो, असं माझं ठाम मत. कुठे ऐकलं होतं, देव जाणे. मी वडिलांच्या पायाखाली जुना टॉवेल अंथरला आणि स्वतःच्या अकलेवर खूश झालो. त्या उन्हाळ्यात वडील रोज माझ्याबरोबर वाशीला त्यांच्या मित्रांकडे यायचे. उतरले की टॉवेल पिळून ठेवायचे.

त्यांना जुना मधुमेह होता. पायांना ओलं-कोरडं कळेनासं झालं होतं, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. बोटांच्या बेचक्यातली जखम आईला दिसली तेव्हा अंगठा काळा पडला होता.

पाय सतत ओला कुठे राहतो, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वडील म्हणाले, "आमच्या मोरीत पाणी तुंबतं, डॉक्टर. माझंच लक्ष नसतं."

डॉक्टरांनी मला मोरी दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. मी हो म्हटलं. फार हलकं वाटलं मला त्या क्षणी, आणि त्याचीच लाज अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा पाय घोट्याच्या वर कापला. संध्याकाळी घरी आलो तर आई मोरीत बादली ओतून बघत होती. पाणी सरळ खाली जात होतं.

"ही कधी तुंबली रे?" तिने विचारलं.

मी तिच्या हातातली बादली घेऊन जागेवर ठेवली. वडील त्यानंतर चार वर्षं होते. त्यांच्याशीही मी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही.