पासष्ट लिहिलेला लॉट

लातूरच्या एमआयडीसीत आमचा रबराचा कारखाना आहे. आमचा म्हणजे शेटचा. मी रेवणसिद्ध, नुसता सुपरवायझर. मालाची तारीफ झाली की मी 'आमचा' म्हणतो, नावं ठेवली की 'शेटचा'.

इथं पंचशीलाताई चौदा वर्षं रबराचा कडकपणा मोजतात. औशाहून सकाळच्या एसटीनं येतात, डब्याची पिशवी खिडकीत ठेवतात आणि ड्युरोमीटर हातात घेतात. गोल तबकडी, एक काटा, खाली बोथट सुई. आम्ही त्याला घड्याळ म्हणतो. ते नगावर सरळ टेकवायचं आणि काटा जिथं जाईल तो आकडा लगेच वाचायचा. धरून ठेवलं तर रबर हळूहळू दबतं आणि काटा खाली येतो. हे मला ताईंनीच शिकवलं. मी नवा असताना घड्याळावर रेलून उभा राहायचो, तेव्हा म्हणाल्या होत्या, "आप्पा, रबर हाय ते, उशी न्हाई."

गेल्या ऑगस्टमध्ये, काठीच्या टोकाला बसवतात त्या रबरी बुटांचा लॉट निघाला. चारशे नग. कडकपणा साठ हवा, पासष्टपर्यंत चालतो. त्याच्या वर गेला की बूट ओल्या फरशीवर धरत नाही. या खेपेला मिश्रणात रबर कडक करणारी काळी भुकटी जास्त पडली होती. ताई म्हणाल्या, "सत्तर हाय." टेम्पो दारात उभा, शेटचे फोनवर फोन. मी म्हणालो, "जरा धरून बघा, ताई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग धरलं. काटा उतरत उतरत पासष्टवर आला. त्यांनी रजिस्टरात पासष्ट लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या.

वर मी दानशूर! त्यांच्या वडिलांच्या, लिंबाजीआबांच्या, काठीचा बूट झिजलाय हे मला माहीत होतं. त्याच लॉटमधला एक उचलून ताईंच्या पिशवीत टाकला. "घ्या, आपलाच माल." त्या नको म्हणाल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी आबा न्हाणीत घसरले. खुबा मोडला. अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत, महिनाभरात गेले. मी औशाला गेलो होतो. सगळे हात जोडून त्रिसरण म्हणत होते आणि कोपऱ्यात काठी उभी होती, तिचा बूट अजून कोरा. मी नजर वळवली.

सातव्या दिवशी ताई कामावर आल्या. रडणं नाही, बोलणं नाही. दिवसभर नुसते आकडे: अठ्ठावन्न, साठ, एकसष्ट. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या, बघायच्या आणि मिटायच्या. एकदा साच्यातून निघालेला गरम नग मनगटाला टेकला, कातडी लाल झाली, तरी त्यांनी हात मागं घेतला नाही. मलाच ओरडावं लागलं. खरं सांगतो, मलाही कशाचं काही वाटेनासं झालं होतं. फक्त एक धास्ती होती: यांच्या ध्यानात आलं असेल का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

फेब्रुवारीत पुन्हा बुटांची ऑर्डर आली. तीच भुकटी, तोच टेम्पो. ताईंनी घड्याळ टेकवलं, उचललं. "एकाहत्तर."

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. तेव्हा ताईंनी घड्याळ माझ्या हातात दिलं.

"तुमी धरा, आप्पा. किती वेळ धरायचं ते तुमचं तुमी ठरवा. मी लिहिते."

मी टेकवलं. काटा एकाहत्तरवर गेला आणि उतरू लागला. ताई काट्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होत्या. मी हात उचलला.

"एकाहत्तर लिहा. हा माल जाणार नाही."

त्यांनी लिहिलं. मग पानं मागं उलटून ऑगस्टचं पान काढलं. आमच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी दोघांनी सही करायची. त्यांनी पासष्टवर रेघ ओढली. वर सत्तर लिहिलं. सही केली आणि रजिस्टर माझ्याकडं सरकवलं.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला लाज वाटली. कित्येक महिन्यांनी काहीतरी वाटलं. मी सही केली.

"हे कुठं कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"देवणी, हदगाव, नांदेड..." मी यादी काढली. "आजच फोन लावतो, ताई. चारशेच्या चारशे परत मागवतो."

"तीनशे नव्व्याण्णव," त्या रोजच्या आकड्याच्या आवाजात म्हणाल्या. डब्याच्या पिशवीतून एक बूट काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "आबांचा मी आणलाय."