कबरीपाशी धरलेला फोन

रविवारची उपासना आटोपून मी कबरस्तानात गेले होते. आईचा स्मरणदिन जवळ आला होता. कबरीवरचं गवत काढायचं, क्रूसाला चुना लावायचा, एवढंच काम होतं. ऊन चढलं होतं आणि आत कुणी दिसत नव्हतं. खुरपं घेऊन बसले तोच मागच्या भिंतीकडून ओळखीचा आवाज आला.

"हं, आता दिसतंय का? थांबा, उन्हाची तिरीप येतेय."

वळून पाहिलं तर आमच्या तरुण संघातली मुलगी. चिंचेखालच्या एका कबरीपाशी ती उकिडवी बसली होती आणि तिने समोर मोबाईल धरला होता. माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की आता कबरस्तानसुद्धा सुटलं नाही या रीलवाल्यांच्या तावडीतून! काहीतरी टोचून बोलायचं ठरवूनच मी उठले. जवळ गेले, तर फोनमधून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"जरा डावीकडं घे गं बाळ. तिच्या उशाला गवत लई वाढलंय का?"

"काढते ना बाबा. हे बघा, काढलं. आता स्वच्छ आहे."

एका हाताने फोन सांभाळत ती दुसऱ्या हाताने गवत उपटत होती. कबर कुणा परक्या बाईची होती. त्या आडनावाचं आमच्या मंडळीत कुणीच नाही. माझ्या हातातलं खुरपं हातातच राहिलं.

मी शाळेत शिकवते. गेली बरीच वर्षं मी आणि माझे यजमान मिळून आमच्या चर्चचा तरुण संघ चालवतो. शनिवारी संध्याकाळी पोरं-पोरी जमतात, गिटारवर गाणी होतात, शास्त्रवाचन, खेळ, नाताळच्या नाटकाची तालीम. ही मुलगी अगदी लहानपणापासून आमच्याकडे येत होती. हसरी, कामसू, कुणाच्या अध्यात मध्यात नसलेली. तिला काही त्रास असेल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

फोन ठेवून ती उठली आणि मला पाहून दचकली.

"आंटी! तुम्ही केव्हा आलात?"

"कोण होते गं ते?"

"बाबा आहेत. श्रीरामपूरकडचे. त्यांच्या मिसेस इथे आहेत." तिने कबरीकडे बोट दाखवलं. एखादी बाई पलीकडच्या खोलीत आहे असं सांगावं, तशी ती म्हणाली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मला हातानेच थांबायला सांगितलं आणि भिंतीलगतच्या दुसऱ्या कबरीकडे चालू लागली. मग तिसऱ्या. मी आईच्या कबरीपाशी येऊन बसले, पण माझ्याच्याने गवताची एक काडी उपटवली नाही.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्या शहरात काय चाललं होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. रोज कुणीतरी जात होतं. घरातले विलगीकरणात, नातेवाईक गावाकडे अडकलेले. शवपेटी उचलायला माणसं मिळेनात. तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तरुण संघाला हाक दिली. एरवी नाटकात मेंढपाळ होणारी आमची पोरं पांढरे प्लास्टिकचे पोशाख चढवून दोरांनी पेट्या खाली सोडू लागली. जेसीबीने खड्डे खणले जात. पाळकसाहेब लांब उभे राहून प्रार्थना म्हणत. ज्यांना येता येत नव्हतं त्यांना निदान दिसावं, म्हणून कुणीतरी व्हिडिओ कॉल लावून उभं राहायचं. ते काम या मुलीकडे आलं. तेव्हा ती कॉलेजात होती. नाताळच्या कार्यक्रमाचं शूटिंग तिने छान केलं होतं, तिचा हात हलत नाही, एवढीच तिची पात्रता.

लाट ओसरल्यावर आम्ही या सगळ्यांचा सत्कार केला. शाल, गुलाबाचं फूल, टाळ्या, ग्रुप फोटो. मग शनिवारच्या मिटिंगा पुन्हा सुरू झाल्या. पोरं कमी येऊ लागली. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, म्हणून वेळ नसेल, असं आम्ही धरून चाललो. चर्च कमिटीत यावर चर्चाही झाली. नवी साउंड सिस्टीम घ्यावी आणि महिन्यातून एकदा पिझ्झा मागवावा, असं ठरलं.

त्या रविवारी मी तिला फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला नेलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"तेव्हापासूनच, आंटी."

"म्हणजे, थांबलंच नाही?"

"कसं थांबणार? त्यांच्याकडे माझाच नंबर आहे ना." तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "आधी म्हणायचे, एकदाच परत दाखव, क्रूस लावला का बघायचंय. मग वाढदिवसाला. मग दर रविवारी. एक आजी आहेत, त्या रोज संध्याकाळी फोन करतात. आज काय भाजी केली ते सांगतात. त्यांच्या मुलाचं शेवटचं मीच त्यांना दाखवलंय, म्हणून."

"आणि तू नाही म्हणत नाहीस?"

"नाही कसं म्हणू? त्यांनी जे बघितलं, ते माझ्याच हातातून बघितलंय."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, टपरीवाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता. सगळं नेहमीचं होतं, आणि माझ्यासमोर पोर बसली होती ती मात्र मला अनोळखी वाटत होती.

मग ती हळूच म्हणाली, "आंटी, एक विचारू? एक काका आहेत. ते विचारतात, पेटीत माझा भाऊच होता हे नक्की ना? दरवेळी हेच. कधी ओरडतात, कधी हात जोडतात. मी म्हणते, हो काका, तेच होते, मी पाहिलंय. पण पेटी बंद होती. मी कुणाचंच काही पाहिलेलं नाही. मग इतकी वर्षं मी खोटं बोलतेय का? ते पाप आहे का?"

हा प्रश्न घेऊन ती आमच्या कितीतरी शनिवारच्या मिटिंगांना येऊन बसली होती. तिने टाळ्या वाजवत गाणी म्हटली होती, पिझ्झा वाढला होता. मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. ड्रेसखाली तिच्या खांद्याची हाडं लागत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट पाळकसाहेबांकडे गेले. ते कडक शिस्तीचे आणि कमी बोलणारे. त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत राहिले.

"तिला तिथे मीच उभं केलं होतं," ते म्हणाले. "माझ्यापुरतं दफन तेव्हाच संपायचं. हिचं संपलंच नाही, हे मला आज कळतंय."

त्या शनिवारी यायचा निरोप त्यांनी कोविडच्या दिवसांत काम केलेल्या सगळ्यांना धाडला. गिटार नाही, खेळ नाही. गोल सतरंजी अंथरली. पाळकसाहेब स्वतः खाली बसले, गुडघे दुखत असतानाही, आणि म्हणाले, "मी आज शिकवायला आलो नाही. त्या दिवसांतलं काय राहिलंय तुमच्याजवळ, ते ऐकायला आलोय."

पंखा तेवढा कुरकुरत होता. मला वाटलं, आता सगळे उठून जातील. मग हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण, पेट्या उचलण्यात सगळ्यांत पुढे असलेला, जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, मी रेनकोट घालू शकत नाही."

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"म्हणजे, घातला की त्या प्लास्टिकचा आवाज होतो ना... श्वास अडकतो. पावसाळाभर मी बाईकवर भिजत ऑफिसला जातो. टीममधले हसतात. मी सांगतो, मला भिजायला आवडतं."

तो हे सांगताना हसला, आणि हसता हसताच त्याचं तोंड वाकडं झालं. शेजारच्याने त्याचा हात धरला. मग एकेक जण बोलू लागला. एकीला दोराचा पीळ बघवत नव्हता. एकाने सांगितलं, त्या दिवसांपासून तो प्रार्थनेत डोळे मिटत नाही, कारण मिटले की खड्डा दिसतो. आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली ही मुलं. मी आणि माझे यजमान एकमेकांकडे बघत होतो, बघवत नव्हतं तरी. आम्ही यांच्यासाठी स्पीकर विकत घेतले होते.

त्या शनिवारनंतर तरुण संघाचं रूपच बदललं. पाळकसाहेबांनी येरवड्याला राहणाऱ्या एका समुपदेशक बाईंना बोलावलं. कॉलेजमधल्या मुलांसोबत काम करण्यात त्यांची हयात गेली होती. बाई बौद्ध. कमिटीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना हे रुचलं नाही.

"चर्चच्या तरुण संघात बाहेरची बाई कशाला? प्रार्थना पुरत नाही का आता?"

पाळकसाहेब म्हणाले, "आपला गुडघा धरला तेव्हा आपण प्रार्थनेनंतर हाडांच्या डॉक्टरकडेच गेलात ना? मीच रिक्षा बोलावली होती."

विषय तिथेच संपला.

बाईंनी पहिल्याच भेटीत आम्हाला एक गोष्ट बजावली: या मुलीचा नंबर एकदम बंद करू नका. त्या माणसांचाही तो आधार आहे आणि हिचाही. ओझं वाटून घ्या. मग चर्चसाठी एक वेगळा फोन घेतला. पाळकसाहेबांनी प्रत्येक कुटुंबाला स्वतः कळवलं, की यापुढे रविवारी या नंबरवर बोलायचं, आणि आमच्यापैकी कुणीतरी आळीपाळीने कबरस्तानात जाऊ लागलं. पहिल्या रविवारी माझी पाळी होती. भाजीबद्दल सांगणाऱ्या आजींनी मला विचारलं, "ती कुठाय? तिला बरं नाही का?" मी म्हटलं, तिला थोडी विश्रांती हवी आहे. आजी म्हणाल्या, "मीच मेलीनं किती छळलं पोरीला." त्या रडल्या, आणि मी फोन धरून उभी राहिले.

भावाबद्दल विचारणाऱ्या काकांना फोन लावला तो पाळकसाहेबांनी, आणि तो स्पीकरवर ठेवून. ती मुलगी आणि मी समोर बसलो होतो.

"तिने पाहिलं नव्हतं," पाळकसाहेब म्हणाले. "मीही पाहिलं नव्हतं. पेटी बंद होती. दवाखान्याने जे नाव दिलं त्यावर विश्वास ठेवून आम्ही माती दिली. याहून जास्त कुणालाच ठाऊक नाही. तिने तुमच्या समाधानासाठी सांगितलं. यापुढे विचारायचं असेल तर मला विचारा."

काका म्हणाले, "मला वाटतच होतं," आणि फोन ठेवला. पुन्हा त्यांनी कधी फोन केला नाही. ते सुटले की आणखी खोल गेले, कोण जाणे. मुलगी मात्र टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढे आम्ही सगळ्या कुटुंबांना कबरस्तानातल्या स्मरण-उपासनेला बोलावलं. श्रीरामपूरकडचे ते बाबा सुनेला घेऊन एसटीने आले. धोतर, पांढरी टोपी, हातात शेवंतीची फुलं. चिंचेखाली आणून उभं केलं तर ते इकडे तिकडे बघत राहिले.

"एवढीशीच जागा हाय व्हय?" ते म्हणाले. "फोनात मोठी दिसायची."

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही पाहिलेलं नव्हतं, कारण कॅमेरा नेहमी कबरीकडे असायचा.

"तूच का ती? मला वाटलं, कुणी मोठी बाई आसंल." त्यांनी सुनेकडे वळून पुन्हा म्हटलं, "अगं, पोरगीच हाय ही!"

ते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. जी गोष्ट आम्हाला इतक्या वर्षांत दिसली नव्हती, ती त्यांना बघताक्षणी दिसली.

ती मुलगी आता एका कंपनीत काम करते. फोन वाजला की तिचा चेहरा अजून क्षणभर पांढरा पडतो. बाई म्हणतात, वेळ लागेल. रेनकोटवाला तरुण यंदाच्या पावसाळ्यात छत्री घेऊन बसने जातो. शनिवारी चहा होतो, मग जो बोलेल त्याचं ऐकायचं, कुणी बोललं नाही तर तसंच बसायचं. गाणं कुणाला सुचलं तर होतं.

मागच्या दोन शनिवारी ती आली नाही. न राहवून फोन केला.

"अहो आंटी, पिक्चरला गेले होते. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर. सांगायचंच राहिलं. सॉरी हं."

मागे कुणीतरी खिदळत होतं. मी म्हटलं, "राहू दे गं, सॉरी कशाला?" आणि फोन ठेवला.