अण्णाचं अक्षर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या घरी चहाचं आधण ठेवत होते. "वन्सं, हे गेले," एवढंच ती म्हणाली. शेवटचे दोन महिने अण्णाला घोटभर पाणीही धड गिळता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटला'. सख्ख्या भावाबद्दल असं वाटल्याची लाज वाटायला हवी होती, पण नाही वाटली. आज सहा आठवड्यांनीही वाटत नाही. त्याच्या सुटकेत माझीही थोडी सुटका आहे, आणि तीच सांगायची आहे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंत. तुडीलहून सकाळच्या एसटीने तो महाडला यायचा आणि बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी बसून भांड्यांवर नावं कोरायचा. आधी छिन्नी-हातोडीने, पुढे घरघरणाऱ्या मशीनने. लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची भांडी पुढ्यात आली की विचारायचा, "कोणाकडून, कोणाला, तारीख?" अक्षर कसं टपोरं, लांबून वाचता येईल असं. तालुक्यातल्या अर्ध्या स्वयंपाकघरांत आपलं अक्षर आहे, अशी फुशारकी तो मारायचा, आणि ती फारशी खोटी नव्हती. कागदावर मात्र सहीपलीकडे त्याने काही लिहिल्याचं मला आठवत नाही.

माझ्या मानसीने स्वतःच्या पसंतीने, जातीबाहेरचा मुलगा निवडला, तेव्हा अण्णा फक्त "बघ बाई" म्हणाला होता. लग्नात तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिला. चेहरा दगडासारखा. कोणी थट्टा केली तरी ओठ हलेना. आणि त्याने आहेरात दिलेली भांडी उघडून बघते तर काय, मामाने भाचीचं नाव इतकं बारीक कोरलेलं की मुंगीच चालत गेली असावी! विहीणबाईंनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. माझं डोकंच फिरलं. मांडवाच्या दारात मी त्याला म्हणाले, "मनात नव्हतं तर तसं सांगायचं. नाव टाकल्यासारखं कशाला दाखवायचं?" तो काहीतरी पुटपुटला. मला ते ऐकू आलं नाही, आणि खरं सांगायचं तर ऐकायचंही नव्हतं. पुढे दीड वर्ष मी तुडीलची वाट धरली नाही. पोलादपूरहून तुडील ते केवढं लांब...

शेवटी वहिनीनेच फोन केला. "वन्सं, यांना शर्टाची बटनं लावता येत नाय. बोलतात ते शेजारी बसून मलापण ऐकू येत नाय. तुम्ही यावं असं यांच्या मनात हाय." मी गेले. अण्णाचा उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता. पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, चालायला लावलं, आणि जुनं हस्ताक्षर काही आहे का, असं विचारलं. वहिनी म्हणाली, "यांचं अक्षर कागदावर कुठलं? सगळं भांड्यांवर." मग पुढच्या खेपेला आम्ही पिशवीभर भांडी नेली. माझ्या लग्नातला तांब्या, बारशाची वाटी, वास्तुशांतीचं ताट, मानसीचा पेला. त्या खडखडाटाने बाहेरचे पेशंट आत डोकावू लागले. प्रत्येक भांड्यावर अण्णाने तारीख टाकलेली, त्यामुळे डॉक्टरांनी ती टेबलावर क्रमाने मांडली. अक्षर लहान व्हायला लागलं होतं ते मानसीच्या लग्नाच्या तीन वर्षं आधीपासून. तेव्हा तर जावयाचा पत्ताही नव्हता. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होतं, आवाज बसतो, चेहऱ्यावरचे भाव जातात, असं डॉक्टर शांतपणे सांगत होते. मी त्या पेल्याकडे बघत होते आणि मला माझीच चीड येत होती.

गोळ्या सुरू झाल्या. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, आपण ओरडतोय असं वाटेल इतक्या मोठ्याने बोला, म्हणजे इतरांना नीट ऐकू जाईल. अण्णा रोज सकाळी सावित्रीच्या काठी बसून लांबलचक 'आ' करायचा. पलीकडे म्हशी धुणारा गडी उलट 'आ' करून त्याला साथ द्यायचा. एका रविवारी मी शेजारी बसले होते. अण्णाने छाती भरून श्वास घेतला आणि नदीकडे तोंड करून आवाज दिला, "शालू, मी रागावलो नव्हतो गो. जावई चांगला हाय." पलीकडून लगेच विचारणा झाली, "कोणाचा जावई, वसंतदा?" मी हसत होते आणि रडतही होते. दीड वर्षाचं ओझं त्या काठावर उतरलं.

त्याला मानसीची सगळी भांडी पुन्हा करून द्यायची होती. तेवढी ताकद हातात नव्हती. एकच झालं, माझ्यासाठी चहापत्तीचा डबा. वहिनीने डबा धरला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी आडव्या रेघा मारल्या, आणि त्याने दोन्ही हातांनी मशीन धरून आठवडाभर कोरलं. लहान होऊ नये या धास्तीने अक्षरं एवढी मोठी काढली की माझं नाव डब्याला पूर्ण वळसा घालून आलं. शेवटचं अक्षर पहिल्याला जाऊन टेकलंय. रेघा वेड्यावाकड्या आहेत, पण वाचायला चष्मा लागत नाही.

वहिनीचा फोन आला तेव्हा तोच डबा माझ्या हातात होता. रोज सकाळी आधण ठेवलं की मी तो एकदा फिरवून पूर्ण नाव वाचते. अण्णाने तारखेशिवाय दिलेलं हे एकच भांडं. तारखेला त्याने जागाच ठेवली नाही.