सासूबाईंचा आवाज आणि माझी मिनिडिस्क

चहाचे कप आधी खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हे सांगत होतो, तेव्हा आमच्या मिलमधल्या दिवाणजींच्या नाकातून चहा बाहेर आला होता, आणि शर्ट त्यांचा पांढराशुभ्र. माझी अशी काही फजिती झाली आहे राजेहो, की एकोडीला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, मी आजही मागच्या गल्लीतून शिरतो. समोरून गेलो तर पारावरची माणसं घोरून दाखवतात!

का? तेच तर सांगतोय.

माझा साळा सुधाकर. त्याच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. लग्न एकोडीलाच, घरच्या मांडवात. एक दिवस तुमसरला मला त्याचा फोन आला.

"भाऊजी, तुमच्याजवळ मायचा आवाज आहे ना?"

"आहे ना! तुझ्याच हळदीतला आहे. काहून?"

"पल्लवी म्हणते, हळदीले आजीचंच गाणं लागलं पाहिजे. जमंल का तुमाले?"

जमेल का? मला विचारतोय! मी छाती काढून सांगितलं, "तू फक्त मोठे डब्बे लावणारा डीजे सांग. बाकी माह्यावर सोड."

हे 'माह्यावर सोड' मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हटलं, तेव्हा तेव्हा कोणाला ना कोणाला निस्तरावं लागलं आहे. पण ते असो.

तर माझ्या सासूबाई. एकोडीत हळद असो, नाहीतर शेतातला रोवणा, म्हणजे भाताची लावणी, गाण्याची पहिली ओळ उचलायची ती त्यांनीच. त्यांचा आवाज निघाला की बाकीच्या बाया मागून धरायच्या. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो आहे भिंतीवर, हार घातलेला. पण आवाज? तो सगळ्या जगात फक्त माझ्याकडे. एका मिनिडिस्कवर.

मिनिडिस्क माहीत नाही ना? कोणालाच नाही! कॅसेट जात होती, सीडी आली होती, त्या काळातली ही वस्तू. चौकोनी प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली इवलीशी चकती. तिचं वेगळं मशीन, खिशात मावणारं, आणि मुख्य म्हणजे त्यात आवाज भरता यायचा. अख्ख्या तुमसरात कोणी घेतलं नाही. मी घेतलं. नागपूरच्या दुकानदाराने इतक्या प्रेमाने बांधून दिलं, की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण काय दिवस होते! लग्नं, बारशी, मंडईच्या जत्रेतला दंडारीचा खेळ, तळ्याकाठचे बेडूक, जे आवाज करेल ते मी भरून ठेवलं. मग मोबाइल आले, आणि मशीन गेलं पेटीत.

आता सुधाकरच्या फोनने मी पेटी उघडली. नवा सेल टाकला, आणि अहो, मशीन चालू! लहान मुलाला खेळणं सापडावं तसं झालं मला. तिथल्या तिथे ठरवलं, पल्लवीची हळदसुद्धा आपण मिनिडिस्कवरच भरायची. नव्या चकत्या आता मिळत नाहीत, म्हणून एक जुनी पुसून कोरी केली.

माझी बायको माया दारात उभी होती. "अजी, मोबाइलवर एक बटन दाबलं की होते ना आता सारं. कायले इतका खटाटोप?"

"त्याच्यात मजा नाही."

"मजा कोणाले पाहिजे? मले मायचा आवाज पाहिजे. तेवढा नीट निघू द्या म्हणजे झालं."

आता ही चकती कॉम्प्युटरात कशी उतरवतात, ते ऐका, कारण माझा घात तिथेच झाला. पेनड्राइव्हसारखं घातलं आणि फाइल काढली, असं माझ्या मशीनमध्ये नाही. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, वायरीने लॅपटॉपमध्ये सोडायचं आणि तिथे नव्याने भरून घ्यायचं. तास तर तास. मी एक दोन तोंडांची वायर आणली. एक तोंड लॅपटॉपला, दुसरं छोट्या स्पीकरला, म्हणजे आपल्यालाही ऐकू येईल.

रविवारी दुपारी जेवून बसलो. बटण दाबलं. स्पीकरमधून सासूबाईंचा आवाज आला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी रेघ नाचायला लागली. आवाज चढला की रेघ उंच, उतरला की खाली. याहून मोठा पुरावा काय पाहिजे माणसाला? मी निवांत लोडाला टेकलो.

संपल्यावर सुरुवातीच्या दोन ओळी तपासूनही पाहिली हो! आवाज जरा दुरून आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, जुना काळ आहे, दुरूनच येणार!

फाइल पेनड्राइव्हमध्ये घातली आणि चाललो एकोडीला.

हळदीचा मांडव. अख्खं गाव बसलेलं. समोर पाटावर पल्लवी, पिवळ्या साडीत. एका कोपऱ्यात डीजेवाले रमेशभाऊ, त्यांच्या मागे माणसाच्या उंचीचे स्पीकरचे डब्बे. आणि मांडवाच्या मधोमध, खुर्चीवर चढून, गळ्यात मिनिडिस्क मशीन अडकवून, हातात माइक धरून, मी! हळदीचं रेकॉर्डिंग चालू होतं ना.

सुधाकरने माइकवरून सांगितलं, "आता आमच्या मायचा आवाज आयकाचा आहे. आमच्या भाऊजींनं मोठ्या मेहनतीनं काढला."

टाळ्या पडल्या. मी खुर्चीवरून नमस्कार केला. मायाने पदर डोळ्यांपाशी आधीच नेऊन ठेवला होता. माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो, पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले. रमेशभाऊंनी आवाज पूर्ण वाढवला.

सासूबाई सुरू झाल्या. लांबून, पण त्याच. दोन बायांनी हुंदका दिला.

आणि तिसऱ्या ओळीला एक पुरुषी आवाज त्या गाण्यावर चढला. बेसूर. भसाडा. जसा काही रेडा डबक्यात उतरतोय!

"हे कोण गाऊन राहिलं?" मागून कोणीतरी विचारलं.

कोण गाऊन राहिलं? अहो, मीच! वायरीतलं लॅपटॉपने काही घेतलंच नव्हतं. त्याच्या पोटात स्वतःचा एक माइक असतो, त्याने खोलीतलं सगळं घेतलं होतं. लांब ठेवलेल्या स्पीकरमधल्या सासूबाई, आणि लॅपटॉपला चिकटून बसलेला मी. आणि त्या दुपारी खोलीत आणखी काय काय झालं होतं, ते मला एकेक करून आठवायला लागलं.

डब्ब्यांतून एक शिंक आली. पल्लवी पाटावरून दचकली.

मग माझा आवाज: "माया, चाय ठेव वं!"

आणि मग फोनची घंटी.

"रमेशभाऊ, बंद करा!" मी ओरडलो. खुर्चीवरून उतरायला गेलो तर माइकची वायर पायात. सुधाकरने मला सावरलं, आणि धरलेला हात काही सोडला नाही.

डब्ब्यांतून मी माझ्या मित्राशी बोलत होतो, मोठमोठ्याने. "हो, जाणं भागच आहे, साळ्याच्या पोरीचं लग्न आहे. साळा ना? अरे, त्याच्यासमोर कोणी मोबाइल धरला की तो पोट आत वढून घेते. फोटो निघेपर्यंत श्वास नाही घेत! मागच्या लग्नात काळानिळा झाला होता!"

मांडवात हास्याचा स्फोट झाला. सुधाकरने खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. व्हिडिओवाला समोरच होता, आणि सुधाकरने पोट त्या क्षणीही आत ओढलेलंच होतं.

"बंद करा ना जी!" मी हात जोडले.

"अन् सासरे?" डब्ब्यांतला मी काही थांबायला तयार नव्हतो. "त्यायले आयकू येत नाही म्हणते सारे. अरे, झूठ! बांदीत रोवणीच्या कामाले या म्हटलं की बहिरे. खीर झाली म्हटलं की तीन घरावरून आयकू येते!"

रमेशभाऊंचा हात बटणावर गेला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी वर झाली.

"चालू राहू दे," मामाजी म्हणाले. "आज मले मस्त आयकू येऊन राहिलं."

आता जावयाने करावं काय, सांगा! सासऱ्याचा हुकूम. मांडवातले सगळे पुढे सरकून बसले. बाहेर चुलीवरच्या बाया हातातले झारे घेऊन आत आल्या. मागे सासूबाई बिचाऱ्या आपल्या मनाने गात होत्या, आणि पुढे त्यांचा जावई एकेका नातेवाइकाची सालं काढत होता. मोठ्या काकूंचं घसरणारं पातळ, चुलत साळ्याची मिशी, कोणी सुटलं नाही. ज्याचं नाव निघे, त्याच्याकडे सारा मांडव वळून बघे.

मग फोन संपला. मी मनात म्हटलं, सुटलो.

आणि घोरणं सुरू झालं!

जेवून लोडाला टेकलो होतो ना. तेच घोरणं, माणसाच्या उंचीच्या डब्ब्यांतून! मांडवाचं कापड थरथरत होतं, देवाशपथ. रमेशभाऊंनी काय केलं असेल? सवयीचा माणूस. त्या घोरण्याखाली त्यांनी ठेका सोडला. धाड धाड, घुर्रर्र! धाड धाड, घुर्रर्र! पल्लवीच्या मैत्रिणी उठून नाचायला लागल्या. त्यांच्या मागे मोठ्या काकूही, पातळ सावरत.

सगळे हसत होते. एक माणूस सोडून.

माया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर अजून डोळ्यांपाशीच होता.

"अजी, मायचा आवाज कोठी आहे?"

तेव्हा माझं हसं झालं हे मी विसरलो. "आहे ना. मूळ चकती आहे पिशवीत. आत्ता काढतो."

पिशवीत हात घातला. चकती निघाली. चष्मा लावून पाहिली, तर ती कोरी! कोरी पिशवीत आहे, तर मग मशीनमध्ये कोणती आहे? ज्या मशीनवर मी सकाळपासून हळद भरत होतो, त्या मशीनमध्ये?

झाकण उघडलं. चकतीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आई'.

खरं सांगतो, मी मांडवातच खाली बसलो. जगात एकच आवाज होता तो, आणि त्याच्यावर मी सकाळभर भांड्यांचा खणखणाट भरत बसलो होतो! मायाने चकती पाहिली. ती त्या 'आई' अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लावून तं पाहा," मामाजी हळूच म्हणाले.

मी चकती परत घातली. रमेशभाऊंनी वायर थेट आपल्या मशीनला जोडली. बटण दाबलं.

आणि सासूबाई! जवळून, स्वच्छ, जशा काही पाटाशेजारीच बसल्या आहेत.

झालं काय होतं? या चकतीच्या कडेला एक इवलासा खटका असतो. तो सरकवून ठेवला की तिच्यावर नवं काही भरता येत नाही. नवा नवा जावई असताना मला थोडी अक्कल होती, तेव्हा मी तो सरकवून ठेवला होता. मशीन सकाळपासून पडद्यावर 'भरता येत नाही' म्हणून सांगत होतं, आणि मी चष्मा खिशात ठेवून खुर्चीवर चढलो होतो. म्हणजे पल्लवीच्या हळदीचं माझं रेकॉर्डिंग? शून्य! पण त्या घडीला ते कोणाला पाहिजे होतं? पल्लवीला आजीच्या गाण्यात हळद लागत होती. म्हाताऱ्या बाया बसल्या जागेवरून मागची ओळ धरत होत्या. माया माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा दंड धरून मनसोक्त रडली. मामाजी काठीवर हळूहळू ठेका धरत होते.

गाणं संपलं. चकतीतून तरुणपणीचा माझा ऐटदार आवाज आला, "झालं. बंद केलं मशीन." आणि माझी पावलं लांब गेली.

मशीन अर्थातच बंद केलेलं नव्हतं.

"गेला का जवाई?" सासूबाईंचा आवाज.

"गेला जी, पाणी प्यायले," कोणीतरी बाई म्हणाली.

"पोरगा लाखाचा आहे वं बाई," सासूबाई म्हणाल्या. मी मांडवात ताठ बसलो, चारचौघांकडे पाहिलं. "पण त्याले कोणतं काम नोको सांगा माय! सकाळी मांडवाचा खांब धर म्हटलं, त आर्धा मांडव आमच्या आंगावर पाडला. आला की ते आवाजाची डबी द्या त्याच्या हातात, अन् बसवा त्याले एका जागी!"

पुढचं हसणं किती वेळ चाललं ते विचारू नका. मामाजी तर काठी टाकून हसले. सुधाकरचं पोट पहिल्यांदाच सगळ्यांसमोर पूर्ण बाहेर आलं आणि गदगदा हललं. आणि माया? डोळ्यांतलं पाणी न पुसता ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

आता ते सगळं गाणं घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. रमेशभाऊंनी तिथेच उतरवून दिलं. मी हात लावला नाही, म्हणून इतकं स्वच्छ निघालं. मायाने मात्र शेवटचा तेवढाच तुकडा कापून घेतला आणि रिंगटोन लावली, फक्त माझ्या नंबरासाठी. मी मिलमधून घरी फोन केला की तिकडे सासूबाई ओरडतात, "बसवा त्याले एका जागी!"

आणि माझी बायको तो फोन पहिल्या घंटीला कधीच उचलत नाही. पूर्ण ऐकून घेते.