आधी हाक मारा

तांबोळी मामांनी कुणाच्याही ‘झालं’ या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही. दार लावलं म्हणून सांगितलं, तरी ते जाऊन कडी हलवून बघायचे. कुरकुंभच्या आमच्या औषध कारखान्यात संगणकाच्या खोलीची देखभाल त्यांच्याकडे होती. सकाळी दौंडहून आले की यंत्रांकडे असे रोखून बघत, जणू त्यांनी रात्रीतून काहीतरी लपवलंय. मी मांडवगण फराट्याचा, हुद्द्यानं त्यांचा साहेब. पण माझ्यावरही तीच नजर असायची आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा.

मामांच्या खिशात एक निळी वही असे. कुठली वस्तू कधी बदलली, कुणी बदलली, सगळं त्यात. “ध्यानात ऱ्हातं म्हननारा मानूस लई धोक्याचा,” असं ते माझ्याकडे बघूनच म्हणत.

एका सोमवारी पडद्यावर इशारा आला की सर्व्हरची दोन नंबरची डिस्क गेली. आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई तेच दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी तारून नेणार. कंत्राटी कामगारांची सगळी हजेरी त्यांवर होती आणि त्याच आठवड्यात त्या हजेरीवरून कायम होणाऱ्यांची यादी निघणार होती. माझी आक्का आठ वर्षं पॅकिंगमध्ये कंत्राटावर राबत होती. काळजी नको, बॅकअप आहे, असं मी म्हणालो. मामांनी तो उघडायला लावला. तो उघडेचना.

आमच्या सर्व्हरमधली डिस्क यंत्र बंद न करता बाहेर ओढता येते. दोन्हींचे दिवे हिरवेच होते, पण खाली १ आणि २ अशा चिकटपट्ट्या होत्या. मी दोनवर हात घातला. मामांनी मनगट धरलं.

“पट्टीवर जाऊ नका, सायेब. आधी हाक मारा तिला. ओ देती का बघू.”

हाक म्हणजे पडद्यावरून हुकूम देऊन बिघडलेल्या डिस्कचा दिवा लुकलुकवायचा. मी हुकूम दिला. दिवा लुकलुकला तो एक नंबरचा. मी ओढणार होतो ती चांगली डिस्क होती. आक्काची आठ वर्षं माझ्याच हातानं बाहेर आली असती.

मामांनी लुकलुकणारी डिस्क काढली. तिच्यावर कंपनीनं छापलेला लांबलचक क्रमांक मी वाचला, त्यांनी पडद्याशी ताडला, मग त्यांनी वाचला आणि मला ताडायला लावला. नव्या डिस्कचं खोकं उलटसुलट करून बघितल्यावरच ती बसवली. चांगल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरायला दिवस गेला. मामा जागचे हलले नाहीत, डबाही तिथंच खाल्ला. संध्याकाळी पडद्यावर पूर्ण झाल्याचं आलं.

“झालं म्हनतंय त्ये. उघडून दावा.”

मी आक्काची हजेरी उघडली. पहिल्या दिवसापासून सगळी होती. मला रडू आलं आणि मामा मुद्दाम खिडकीकडे बघत राहिले.

पट्ट्यांची अदलाबदल कुणी केली, हे मॅनेजरांनी विचारलं तेव्हा मला खंडेनवमी आठवली. हळदीकुंकू लावायला यंत्रं पुसताना पट्ट्या निघून आल्या होत्या. पेढे संपतील या घाईत मीच नव्या लिहून चिकटवल्या होत्या. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. पुष्पाबाईंनी पुसताना केलं असणार, असं मी म्हणालो. सफाईच्या पुष्पाबाईंना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. तेव्हापासून मीच त्यांच्यावर संशय घेऊ लागलो. यांना कळलंय का? कुणाला सांगितलंय का? समोर आले की मी फोन काढायचो.

आक्का कायम झाली. पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले आणि जाताना निळी वही माझ्या हातात ठेवून दौंडच्या गाडीला गेले.

त्या सोमवारचं पान मी आधी उघडलं. दोन्ही पट्ट्या तिथं नीट डकवलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘अक्षर साहेबांचं. पुष्पाबाईंना स्वतः जाऊन सांगतील. खात्री आहे.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या वहीत न तपासता लिहिलेली तेवढी एकच ओळ होती. मी वही मिटली आणि पुष्पाबाई कुठल्या मजल्यावर आहेत ते विचारत निघालो.