डिझेलचा अडकलेला काटा

मी बोलतेय, नात टाईप करतेय. चुका तिच्या, शहाणपण माझं.

आज दुपारी आमच्या सुरेशचा ट्रक पलसाण्याजवळ हायवेवर बंद पडला. फोनवर म्हणतो, "आई, काटा अर्ध्यावर आहे गं, पण टाकी कोरडी."

"टाकीत काठी घालून बघायची सोडून काट्यालाच ओवाळत बस. आणि ट्रकच्या मागे उभा राहू नको."

त्याच्या वडिलांचंही याच ट्रकमधलं डिझेल असंच संपलं होतं. मागे उभे राहून गाड्यांना हात दाखवत होते. एक गाडी थांबलीच नाही, सरळ त्यांच्या अंगावर आली. तेव्हाही काटा अर्ध्यावरच होता.

सुरेश घरी आला. म्हटलं, "आता तरी काटा बदल."

"बाबा त्यावर टिचकी मारायचे. राहू दे."

तुमच्याही घरात आहे का असं काही, जे टाकवत नाही आणि झोपूही देत नाही?